कोर्टाची पायरी मोबाईलवर आली. न्याय दारापर्यंत पोचला का?

“शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये” हे वाक्य तुमच्या घरातही कुणीतरी कधीतरी म्हटलं असेल. पण ती पायरी हौसेने चढतं कोण? बांधावरून भावकीत वाद होतो, घेतलेला चेक वटत नाही, अपघाताची भरपाई अडकते, पोटगीचा प्रश्न उभा राहतो आणि शहाण्या माणसालाही वकीलपत्रावर सही करावी लागते. मग सुरू होते ती ‘तारीख’. सकाळची पहिली एसटी पकडायची, आवारात बसून पुकाऱ्याची वाट बघायची आणि संध्याकाळी पुढची तारीख घेऊन घरी यायचं.

देशभरातल्या कोर्टांमध्ये मिळून आज ५ कोटींहून अधिक खटले पडून आहेत. एकेका खटल्याला दोन बाजू असतात, म्हणजे किमान दोन घरं त्या तारखेच्या चक्रात फिरत असतात.

गेल्या काही वर्षांत या आवारात कॉम्प्युटर, कॅमेरे आणि मोबाईल ॲप आले. त्यातून तुम्हाला खरंच काय मिळालं, घोडं नेमकं कुठे अडतं आणि आपण काय काळजी घ्यायची, हे आज समजून घेऊया.

सुरुवात कशी झाली?

आज व्हिडिओ कॉलवर सुनावणी म्हटलं की आपल्याला कोरोनाचा काळ आठवतो. पण पाया त्याआधीच घातला गेला होता. २००३ मध्ये ‘महाराष्ट्र शासन विरुद्ध डॉ. प्रफुल्ल देसाई’ या खटल्यात अमेरिकेतल्या एका डॉक्टरची साक्ष हवी होती. साक्षीदार प्रत्यक्ष कोर्टात हजर नसेल तर चालेल का, असा प्रश्न होता. व्हिडिओ कॉन्फरन्सिंगने घेतलेली साक्ष चालेल, असं सुप्रीम कोर्टाने सांगितलं. तेव्हा आपल्यापैकी अनेकांच्या घरात इंटरनेटसुद्धा नव्हतं!

२००५ मध्ये न्यायव्यवस्थेसाठी राष्ट्रीय धोरण तयार झालं आणि २००७ मध्ये ‘ई-कोर्ट्स’ प्रकल्प सुरू झाला. आधी कोर्टांना कॉम्प्युटर मिळाले, मग खटल्यांची माहिती ऑनलाइन आली. सप्टेंबर २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिसऱ्या टप्प्यासाठी ७,२१० कोटी रुपये मंजूर केले. कोर्टांच्या दप्तरातली जुनी कागदपत्रं स्कॅन करणं हा त्यातला मोठा भाग आहे. किती पानं? तर ३,१०८ कोटी!

तुमच्या हातात काय आलं?

सगळ्यात उपयोगाची गोष्ट म्हणजे सीएनआर नंबर. दाखल झालेल्या प्रत्येक खटल्याला अक्षरं आणि आकडे मिळून १६ चिन्हांचा एक नंबर मिळतो. तो देशभरात एकमेव असतो, जणू खटल्याचा आधार क्रमांकच. ‘ई-कोर्ट्स सर्व्हिसेस’ या मोफत सरकारी ॲपमध्ये तो टाकला की खटला कुठल्या कोर्टात आहे, मागच्या तारखेला काय झालं, पुढची तारीख कधी आहे आणि काय आदेश झाला, हे दिसतं. नंबर माहीत नसेल तर पक्षकाराच्या किंवा वकिलाच्या नावानेही शोधता येतं.

ही छोटी सोय वाटते, पण तिचं मोल दूर राहणाऱ्याला विचारा. नोकरीसाठी इंदूर, बडोदा किंवा हैदराबादला स्थायिक झालेली कितीतरी मराठी कुटुंबं आहेत. त्यांच्या गावाकडच्या जमिनीचा दावा एखाद्या तालुक्याच्या कोर्टात चालू असतो. पूर्वी “काय झालं हो तारखेला?” असं वकिलांना फोन करून विचारावं लागे. आज त्या दिवसाचा रोजनामा घरबसल्या वाचता येतो. वकिलांवर विश्वास ठेवायचाच, पण माहिती आपल्याजवळही असली की प्रश्न नेमके विचारता येतात.

आणखीही काही बदल झाले आहेत. वाहतुकीच्या चलनांसाठी २०१९ मध्ये दिल्लीत व्हर्च्युअल कोर्ट सुरू झालं आणि नंतर ही सोय महाराष्ट्रासह अनेक राज्यांत आली. दंड मान्य असेल तर ऑनलाइन भरायचा, मान्य नसेल तर तसं कळवायचं, म्हणजे प्रकरण नेहमीच्या कोर्टात जातं. केरळमधल्या कोल्लमला नोव्हेंबर २०२४ पासून एक वेगळंच कोर्ट चालू आहे. तिथे न वटलेल्या चेकचे खटले ऑनलाइन दाखल होतात आणि दिवसाचे २४ तास केव्हाही दाखल करता येतात.

कोर्टाचं कामकाज तुम्ही आता पाहूही शकता. २७ सप्टेंबर २०२२ रोजी सुप्रीम कोर्टाने घटनापीठाच्या सुनावण्या थेट दाखवायला सुरुवात केली. त्या पहिल्याच दिवशीच्या प्रकरणांमध्ये महाराष्ट्रातला शिवसेनेचा सत्तासंघर्ष होता. जी चर्चा आधी फक्त बातम्यांतून कळायची, ती लोकांनी स्वतःच्या कानांनी ऐकली.

जामीन मिळाला, पण सुटका कधी?

आता नाण्याची दुसरी बाजू पाहू.

जुलै २०२१ मध्ये आग्र्याच्या तुरुंगातल्या १३ कैद्यांना सुप्रीम कोर्टाने अंतरिम जामीन दिला. गुन्हा घडला तेव्हा ते अल्पवयीन होते, हे सिद्ध झालं होतं आणि त्यांनी १४ वर्षांहून अधिक काळ आत काढला होता. तरीही जामीन झाल्यावर ते लगेच सुटले नाहीत, कारण आदेशाची सही-शिक्क्याची नक्कल तुरुंगात पोचली नव्हती. ही बातमी वाचून सुप्रीम कोर्टाने स्वतःहून दखल घेतली. आदेश पोचवायला आजही कबुतरांची वाट बघायची का, अशा अर्थाचा सवाल तेव्हाचे सरन्यायाधीश एन. व्ही. रमणा यांनी केला.

मुंबईचं उदाहरण तुम्हाला आठवत असेल. आर्थर रोड कारागृहाबाहेर जामिनाचे कागद टाकायची एक पेटी असते आणि ती ठरलेल्या वेळी उघडली जाते. ऑक्टोबर २०२१ मध्ये एका प्रसिद्ध अभिनेत्याच्या मुलाचे कागद वेळेत पेटीत पडले नाहीत, म्हणून त्याला आणखी एक रात्र आत काढावी लागली. दारात वकिलांची फौज उभी असताना ही गत, तर ज्याच्या मागे कुणीच नाही त्याचं काय होत असेल?

यावर उपाय म्हणून ३१ मार्च २०२२ रोजी सुप्रीम कोर्टाने ‘फास्टर’ नावाची यंत्रणा सुरू केली. आदेशाची डिजिटल सहीची प्रत सुरक्षित ई-मेलने थेट तुरुंगापर्यंत जाते. वाटलं, प्रश्न मिटला.

पण गुजरातमध्ये जे उघड झालं ते वाचून कुणाचंही मन सुन्न होईल. जन्मठेपेच्या एका कैद्याची शिक्षा हायकोर्टाने २०२० मध्ये स्थगित करून त्याला जामीन दिला. आदेश ई-मेलने तुरुंगात गेला आणि पोचलाही. पण ई-मेलला जोडलेली फाईल तुरुंगात कुणाला उघडता आली नाही. पुढे कुणी विचारलं नाही, कुणी पाठपुरावा केला नाही. तो तरुण जवळजवळ तीन वर्षं आतच राहिला! सप्टेंबर २०२३ मध्ये हायकोर्टाने त्याला १ लाख रुपयांची भरपाई द्यायला सांगितलं.

या प्रकरणात तंत्रज्ञान बंद पडलं नव्हतं. ई-मेल काही क्षणांत गेला होता. कमी पडलं ते पलीकडे बसलेलं माणूस, ज्याने “फाईल उघडत नाही, पुन्हा पाठवा” एवढा एक फोन केला नाही. कागद वेगाने पोचणं आणि न्याय पोचणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे यातून लख्ख दिसतं.

जानेवारी २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने यासाठी देशभर लागू होणाऱ्या सूचना दिल्या आहेत. जामिनाच्या आदेशाची प्रत त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी तुरुंग अधीक्षकांमार्फत कैद्याला मिळायला हवी. सात दिवसांत सुटका झाली नाही, तर अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवायचं आहे. ओळखीपाळखीत कुणाचा जामीन असा अडकला असेल, तर हा नियम त्यांना नक्की सांगा.

ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही त्यांचं काय?

तुम्ही हा लेख मोबाईलवर वाचताय. म्हणजे फोन, नेट आणि वाचता येणं या तिन्ही गोष्टी तुमच्याकडे आहेत. पण सगळ्यांचं तसं नाही. डोंगराळ भागात रेंज जाते, वीज जाते आणि साक्ष अर्ध्यावर तुटते. घरात एकच फोन असतो आणि तो मुलगा कामावर घेऊन जातो. एखाद्या आजीला स्वतःच्याच दाव्याची तारीख बघता येत नाही.

अशा लोकांसाठी अनेक कोर्टांच्या आवारात ई-सेवा केंद्रं उघडली आहेत. तिथे खटल्याची माहिती मिळते, नक्कलेसाठी ऑनलाइन अर्ज करता येतो, खटला ऑनलाइन दाखल करायला मदत होते आणि तुरुंगातल्या नातेवाइकाच्या भेटीची वेळही घेता येते. अडचण एवढीच, की खूप जणांना अशी केंद्रं आहेत हेच माहीत नसतं.

आणि एक गोष्ट लक्षात घ्या. ऑनलाइन सुनावणीची सवय होऊन वर्षं झाली, तरी १८ ऑगस्ट २०२५ रोजी कोल्हापुरात मुंबई हायकोर्टाचं सर्किट बेंच सुरू झालं तेव्हा सहा जिल्ह्यांत आनंद झाला. कोल्हापूर, सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गच्या लोकांनी त्यासाठी चार दशकांहून अधिक काळ मागणी केली होती. पडद्यावरचं कोर्ट सोयीचं असलं, तरी चालत जाता येईल असं जवळचं कोर्टही माणसाला हवं असतं. एकामुळे दुसऱ्याची गरज संपत नाही.

मोबाईलमधला पुरावा : आधी हे वाचा

“माझ्याकडे सगळे स्क्रीनशॉट आहेत!” असं आपण सहज म्हणतो. पण कोर्टात फक्त स्क्रीनशॉटचा प्रिंट ठेवून भागत नाही.

याचं गाजलेलं उदाहरण जालन्याचं आहे. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत तिथे २९६ मतांनी निकाल लागला. विजयी उमेदवाराचा अर्ज ठरलेल्या वेळेनंतर दाखल झाला, असा आक्षेप होता आणि पुरावा होता निवडणूक कार्यालयातलं व्हिडिओ चित्रण. हे प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं. मूळ उपकरण कोर्टात हजर केलं नसेल, तर इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत कायद्याने ठरवलेलं प्रमाणपत्र हवंच, असं कोर्टाने १४ जुलै २०२० रोजी स्पष्ट केलं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मध्येही हे प्रमाणपत्र आहे.

घरगुती भाषेत सांगायचं तर, वाद कोर्टात जाईल असं वाटत असेल तेव्हा चॅट, फोटो, रेकॉर्डिंग डिलीट करू नका. फोन विकू नका, फॉरमॅट करू नका. फाईल कापून-छाटून ठेवू नका. आणि प्रमाणपत्राचं काय ते वकिलांना पहिल्याच भेटीत विचारा.

खोटं कोर्ट, खरी लूट

खरं कोर्ट पडद्यावर आलं, तसं खोटंही आलं. २०२४ मध्ये लुधियानातल्या एका मोठ्या उद्योगपतीला ठगांनी व्हिडिओ कॉलवर चक्क सुप्रीम कोर्टाची बनावट सुनावणी दाखवली. त्यात एकजण सरन्यायाधीश बनून बसला होता. सुमारे ७ कोटी रुपये गेले. ऑक्टोबर २०२५ मध्ये हरियाणातल्या अंबाल्याच्या एका ज्येष्ठ दांपत्याची तक्रार समोर आली. कोर्टाचे बनावट आदेश दाखवून त्यांच्याकडून १ कोटीहून अधिक रक्कम उकळली गेली होती. सुप्रीम कोर्टाने या प्रकाराची स्वतःहून दखल घेतली.

म्हणून घरातल्या आई-बाबांना, आजी-आजोबांना आजच सांगा: आपल्या कायद्यात ‘डिजिटल अरेस्ट’ नावाची अटकच नाही. कोणतंही कोर्ट किंवा पोलीस व्हिडिओ कॉलवर कुणाला घरात डांबून ठेवत नाहीत आणि ‘चौकशीसाठी’ पैसे खात्यात भरायला सांगत नाहीत. चौकशीला हजर राहण्याची पोलिसांची नोटीस व्हॉट्सॲपवरून बजावता येणार नाही, असं सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०२५ मध्ये बजावलं आहे. कोर्टाचं समन्स काही वेळा इलेक्ट्रॉनिक मार्गाने येऊ शकतं. अशा वेळी घाबरून लिंक उघडायची नाही. त्यातला खटल्याचा नंबर स्वतः ई-कोर्ट्स ॲपवर तपासायचा किंवा कोर्टात जाऊन विचारायचं.

घरातली गोष्ट घरातच राहील का?

कोर्ट उघडं असावं, कुणालाही कामकाज पाहता यावं, हे तत्त्व चांगलंच आहे. पण पूर्वी निकालाची फाईल कपाटात असायची. आज नाव शोधलं की समोर येते. निर्दोष सुटलेल्या माणसाचा जुना खटला नोकरी देणाऱ्याला दोन मिनिटांत सापडतो. मोठ्या सुनावणीतला २० सेकंदांचा तुकडा कापून रील होते आणि न्यायाधीश काय म्हणाले याचा अर्थच बदलतो.

नवरा-बायकोच्या वादात तर हा प्रश्न फारच नाजूक आहे. २०१७ मध्ये तीन न्यायमूर्तींच्या पीठासमोर तो आला. दोघांचं मत असं, की समेटाचे प्रयत्न समोरासमोर आणि खासगीतच व्हावेत. ते फसल्यावर दोघांची संमती असेल तर व्हिडिओ कॉन्फरन्सिंगचा विचार व्हावा. न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांचं मत वेगळं होतं. लांबचा प्रवास न झेपणाऱ्या बाईला ही सोय नाकारू नये, असं त्यांना वाटलं. तुम्हीच विचार करा, लहान मुलाला घेऊन दुसऱ्या राज्यात तारखेला जाणारी बाई आणि अनोळखी पडद्यासमोर संसाराचं दुःख सांगताना अडखळणारी बाई, दोघीही खऱ्याच आहेत. म्हणूनच इथे सगळ्यांना एकच मोजपट्टी लावता येत नाही.

पडद्यावर असलो तरी आपण कोर्टातच असतो, याचंही भान हवं. २०२५ मध्ये गुजरात हायकोर्टाच्या ऑनलाइन सुनावणीत एकजण चक्क शौचालयातून सामील झाला! त्याच्यावर अवमानाची कारवाई झाली.

एआय न्याय देईल का?

सध्या एआयचं सगळ्यात चांगलं काम भाषांतराचं आहे. निकाल भारतीय भाषांत आणण्यासाठी सुप्रीम कोर्टाने २०१९ मध्ये ‘सुवास’ हे सॉफ्टवेअर आणलं आणि त्यात मराठीही आहे. आपल्याबद्दलचा निकाल आपल्या भाषेत कळणं, हा न्यायाचाच भाग आहे.

पण एआय ठोकून खोटंही बोलतं. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या दोन वकिलांनी चॅटजीपीटीने दिलेले निकाल कोर्टात सादर केले. ते खटले कधी झालेच नव्हते! कोर्टाने ५,००० डॉलर दंड ठोठावला. आपल्याकडे केरळ हायकोर्टाने जुलै २०२५ मध्ये जिल्हा न्यायालयांसाठी एआयचं धोरण जाहीर केलं. एआयची मदत घ्या, पण निर्णय त्याच्यावर सोपवायचा नाही, हे त्याचं सार. तुम्हीही एआयला विचारून वकिलांना नोटीस पाठवायच्या विचारात असाल, तर जरा थांबा.

लक्षात ठेवा

• खटला दाखल झाला की सीएनआर नंबर मागून घ्या आणि घरातल्या दोघांकडे लिहून ठेवा.
• तारखेच्या आदल्या दिवशी ॲप बघा, पण वकिलांनाही विचारा. ॲपवर जे दिसतं ते कुणीतरी भरलेलं असतं. उशीर किंवा चूक होऊ शकते.
• ॲप अधिकृत स्टोअरमधूनच घ्या. ‘चलन भरा’ म्हणून मेसेजमध्ये आलेली फाईल इन्स्टॉल करू नका.
• जमत नसेल तर ई-सेवा केंद्रात जा.
• वकील परवडत नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाच्या १५१०० या क्रमांकावर फोन करा. महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती आणि कोठडीत असलेल्यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत मदत मिळते.
• फसवणूक झाली तर क्षणही न दवडता १९३० वर कळवा. जितकं लवकर कळवाल, तितकी पैसे गोठवले जाण्याची शक्यता जास्त.
• आदेश झाला की तो पुढच्या कार्यालयात पोचला का, उघडला का, नोंदला गेला का, हे स्वतः विचारा.

या यादीतला शेवटचा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. डिजिटल कोर्टामुळे हेलपाटे कमी झाले, माहिती हाताशी आली, हे शंभर टक्के खरं. पण गुजरातच्या त्या तरुणाची तीन वर्षं कुठल्याही ॲपने परत येणार नाहीत. कोर्टाने आदेश दिला, मशीनने तो पाठवला; पलीकडे तो उघडून वाचणारं आणि न उघडल्यास पुन्हा मागवणारं माणूस जागं असेल, तरच त्या आदेशाचा न्याय होतो.

आज एक काम करा. तुमच्या घरात किंवा शेजारी एखाद्या काका-काकूंचा जुना दावा चालू असेल, तर त्यांचा सीएनआर नंबर शोधून द्या आणि पुढची तारीख मोठ्या अक्षरात कागदावर लिहून त्यांच्या हातात ठेवा. पाच मिनिटांचं काम आहे, पण त्यांची एक फेरी तरी नक्की वाचेल.